नापास मालाचा डबा

माझी आत्या कंडोम तपासायची. सत्तावीस वर्षं. हे वाक्य लिहून झालं आणि मी उठून खोलीचं दार नीट लागलंय का ते बघून आले. परत येऊन बसताना मला माझीच शिसारी आली. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, आणि एक शब्द लिहिला म्हणून दार बघते. हे वळण मला ज्या घराने लावलं, त्याच घराची ही गोष्ट आहे.

घरात आत्या 'रबराच्या कारखान्यात' होती. कुणी विचारलंच तर बाबा "मशीनचे पट्टे-बिट्टे" असं काहीतरी पुटपुटायचे. आत्या समोर असली तर ती सरळ खरं सांगायची, म्हणून पाहुणे आले की तिला आत काहीतरी काम निघायचं. तिचं लग्न तीनदा ठरता ठरता राहिलं. तिसऱ्या वेळी मुलाच्या आईने विचारलं, "कसलं रबर?" आत्याने सांगितलं. त्या बाईने चहाचा कप खाली ठेवला आणि पदराने बोटं पुसली.

"शी! बायकांनी करायचं काम आहे का हे?"

"तुम्हाला मुलं किती?" आत्याने विचारलं.

"सात."

"मग तुम्हाला नसेल माहीत."

लोक उठून गेले. बाबा चार दिवस आत्याशी बोलले नाहीत. आत्याने मात्र उरलेला सगळा चहा एकटीने संपवला आणि पुन्हा कुणाला मुलगा बघू दिला नाही. ती आमच्याकडेच राहिली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मी पाळण्यात असल्यापासून ती तिथेच होती, त्यामुळे ते घर तिचं नाही हे मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही बाबांकडून.

कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना वर्षातून एक दिवस आत सोडायचे. आमच्याकडून कुणीच कधी गेलं नव्हतं. कॉलेजात असताना मी हट्टाने गेले. लांबलचक पांढरा हॉल, डोळ्यांत झोंबणारा वास आणि कोपरापर्यंत पावडरीने माखलेले बायकांचे हात. एका बाजूला पोलादी खुंट्यांचं यंत्र. बायका एकेक नग खुंटीवर चढवायच्या, यंत्र त्यातून वीज जाते का बघायचं, आणि भोक असेल तर नग बाजूला उडायचा. आत्या शेवटच्या, पाण्याच्या टेबलावर होती. यंत्रातून पास झालेल्या प्रत्येक लॉटमधले काही नग घ्यायचे, त्यात मापाने पाणी भरायचं, आकड्याला टांगायचं, थांबायचं, मग तोंड पिळून धरून टिपकागदावर लोळवायचं. कागदावर टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका उठला तरी नग नापास. असे नापास ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की अख्खा लॉट नापास, मग मुकादम कितीही आदळआपट करो.

तिथे तिला 'सुई' म्हणत. सुईच्या नजरेतून भोक सुटत नाही अशी तिची ख्याती होती. रबर बुडवायच्या खात्यातले पुरुष तिला येता-जाता जे विनोद ऐकवायचे ते मी इथे लिहिणार नाही. दार लागलेलं असलं तरी नाही. त्या दिवशी माझ्यासमोर एकाने तसलाच काहीतरी विनोद केला, तेव्हा आत्या ओला टिपकागद उजेडात धरून बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्या बायकोला पाठव इकडे, तिला सांगते तू किती मोठा कारागीर आहेस ते." तो निघून गेला. आत्या मला म्हणाली, "हे सगळे असलेच. मालाला हसतात, आणि लागतो मात्र सगळ्यांना."

नापास नगाला एकच नियम होता. कात्रीने तोंडापासून टोकापर्यंत चिरायचा आणि मगच पिंपात टाकायचा. कारण न चिरलेला नापास नग दिसायला अगदी पास नगासारखाच असतो.

आणि हाच नियम त्या हॉलमधली प्रत्येक बाई मोडायची. रबर ते रबर, फुकट जाणार. चिरलेल्याचा काही उपयोग नाही, पण अख्खा नग घरी नेला की त्याच्या आडव्या चकत्या कापून चांगली बळकट रबरबँडं होतात. साखरेच्या बरणीला, नळाच्या गळक्या तोटीला, पुस्तकांच्या गठ्ठ्याला, कशालाही. आईचं बोट विळीवर कापलं की आत्या एक नग त्यावर चढवून द्यायची आणि आई खुशाल भांडी घासायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या वेण्यासुद्धा त्याच चकत्यांनी बांधलेल्या असायच्या. शाळेत एका मुलीला तिच्या मोठ्या बहिणीने काहीतरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या शेजारी कुणी बसेना. मी घरी येऊन केस साबणाने तीनदा धुतले. आत्या दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर माझ्या वेण्यांना रिबिनी आल्या.

हे नग ती पत्र्याच्या एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. आठवडाभर जमवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सगळे कापून टाकायचे. डबा तिच्या खोलीतल्या फळीवर असायचा, उघडाच. घरात सगळ्यांना माहीत होतं त्यात काय असतं ते.

आता बाबा. बाबा हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. बेडकाचं हृदय फळ्यावर असं काढायचे की मुलं टाळ्या वाजवायची. पण पुस्तकातला प्रजननाचा धडा आला की खडू खाली ठेवून म्हणायचे, "हा घरी वाचून या. परीक्षेला येणार नाही." तीस वर्षांत त्यांनी तो एकदाही शिकवला नाही. गावातली औषधांची दुकानं चालवणारी निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी. ते दिसले की गल्ल्यामागून उठून "सर, या" म्हणायचे. हा मान बाबांना फार प्रिय होता. पुढे जे झालं ते ह्या मानापायीच झालं.

मी सतरा वर्षांची असताना आईला चौथं मूल झालं. माझ्यानंतर तिघे भाऊ, हा शेवटचा. त्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला की दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बाबांना खोलीत बोलावलं. आत्या आणि मी दाराशीच होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"पुढचं बाळंतपण ह्यांना झेपणार नाही. ह्या जातील. स्पष्ट सांगते."

"बरं," बाबा म्हणाले.

"ह्यांच्या अंगात सध्या ऑपरेशनची ताकद नाही. तुमचं करून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे, चालत घरी जाल. त्यानंतर एकदा तपासणीला यायचं, बास."

"पण मला अशक्तपणा आला तर? मला दिवसभर उभं राहून शिकवायचं असतं."

"काही येत नाही अशक्तपणा. तुम्ही तर जीवशास्त्राचे ना?"

"बघतो मी," बाबा म्हणाले.

'बघतो मी' हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य.

त्यांनी काही बघितलं नाही. बघितलं ते आत्याने. कारखान्यातून कामगारांना दर महिन्याला चांगल्या मालाची पाकिटं मिळत. आत्या आपली पाकिटं आजवर हॉलमधल्या लेकुरवाळ्या बायकांना वाटून टाकायची. आता ती आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवायला लागली. नणंद-भावजयीत ह्यावर एक शब्दही झाला नाही. दोन वर्षं व्यवस्थित गेली. पाकिटं कुठून येतात हे बाबांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांना वाटत असेल, साड्यांखाली उगवतात.

मग एकदा आई बोलता बोलता म्हणून गेली, "वन्संनी आणून दिलीत." झालं. बाबांनी कपाटातली होती नव्हती ती पाकिटं काढून कचऱ्याच्या डब्यात फेकली आणि स्वयंपाकघरात आले. एवढं लाल झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बहिणीच्या हातून हे घ्यायचं? लाज आहे का काही ह्या घरात?"

"मग तू आण, दादा," आत्या भात ढवळत म्हणाली. "दुकानं आहेत."

"माझं मी बघतो."

त्यानंतर आईने मान खाली घालून एकदाच आत्याला सांगितलं, की हे आणतात दुकानातून, काळजी नको. आत्याने सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि आई जगते की नाही ह्याचा हिशेब मनातल्या मनात रोज करत होते. घरातल्या मुलीने असला हिशेब करावा लागणं ह्याचीही मला किळस येते, पण मी करत होते खरी.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी आई मोरीत ओकताना दिसली. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आई मोरीच्या ओल्या फरशीवरच खाली बसली.

"वन्सं, आता माझं काय होणार?"

आत्याने तिला उठवून पलंगावर नेलं, पांघरूण घातलं, आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. ते शाळेत जायला निघाले होते.

"वहिनीला दिवस गेलेत. तू कुठून आणत होतास?"

"दुकानातून." मग लगेच त्यांचा आवाज चढला. "तुमच्याच कारखान्याचा माल. फुटका निघाला, मी काय करणार? सुई म्हणे सुई! मिरवत असते नुसती."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. सत्तावीस वर्षांत तिला बोचलेलं असं हे एकच वाक्य असेल. जगाने नाक मुरडलेलं तिला चालायचं, पण तिच्या टेबलावरून भोक सुटलं, आणि तेही वहिनीच्या वाट्याला आलं, हे तिला सोसवलं नाही.

"पाकीट दे," ती म्हणाली. "प्रत्येक पाकिटावर लॉटचा नंबर असतो. मी आजच्या आज शोधून काढते."

"टाकलं."

"सगळी? एकही नाही?"

"एकही नाही. मला उशीर होतोय."

ते गेले. आत्याने त्यांचं दाढीचं सामान ठेवायचा डबा उघडला. वहिनीसाठी ती त्या दिवशी कुणाचंही काहीही उघडणार होती. आत, शाळेच्या एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पुडीत, पाच नग होते. सुट्टे, पाकिटाविना, पावडर लावलेले, कोरडे. शेजारी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली. आत्याने एक नग दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. दुकानात मिळणारा माल पाकिटात बंद असतो. असा कोरडा सुट्टा नग जगात दोनच ठिकाणी असतो, तिच्या हॉलमध्ये आणि तिच्या फळीवरच्या डब्यात.

बहिणीच्या हातून घ्यायला ज्या माणसाला लाज वाटली, तो सात-आठ महिने तिच्या पाठीमागे तिच्या डब्यातून नापास माल उचलत होता. विद्यार्थ्याच्या दुकानात तोंड उघडायला नको म्हणून. लिहितानासुद्धा मला थुंकावंसं वाटतं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात नळाशी उभी होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. आई भिंतीला टेकून बसलेली, मी तिच्याजवळ. धाकट्यांना शेजारी पाठवलं होतं.

"बस, दादा. परीक्षा बघ."

तिने एक नग नळाखाली धरला, पाणी भरलं, तोंड पिळलं आणि वर्तमानपत्रावर लोळवला. कागदावर एक बारीक ओला ठिपका उठला. दुसरा. त्याचे दोन ठिपके. तिसऱ्यातून तर धारच लागली. चौथा. पाचवा. बाबा कागदाकडे न बघता खिडकीकडे बघत होते.

"आणि वर तेल," आत्या म्हणाली. "तेलाने रबर सडतं. चांगला असता तरी टिकला नसता. तुला हे माहीत नाही? जीवशास्त्राचा मास्तर तू!"

"मला काय माहीत ते नापास आहेत म्हणून?" बाबा एकदम ओरडले. "चिरलेले कुठे होते? तूच म्हणतेस ना, नापास चिरतात? न चिरलेला म्हणजे चांगला, असंच कुणीही समजणार! फुटका माल अख्खा घरात ठेवलास कशाला तू?"

आत्या गप्प झाली. ती गप्प झाली ह्याचाच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला. पण तिच्या दृष्टीने ते खरं होतं. नियम तिने मोडला होता. नळ चालूच होता, तो तिने बंद केला आणि पदराला हात पुसले.

आईने तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्ही मला दुकानातून म्हणाला होतात," ती बाबांना म्हणाली. बस, एवढंच. बाबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी आत्या मुकादमासमोर उभी राहिली आणि तिने स्वतःहून सांगितलं, "मी नापास नग न चिरता घरी नेते." का ते सांगितलं नाही. तिला पाण्याच्या टेबलावरून काढून खोकी भरायच्या खात्यात टाकलं. हॉलच्या दाराशी सगळ्या बायकांच्या पिशव्या तपासायला सुरुवात झाली, आणि ज्या बायकांना तिने वर्षानुवर्षं पाकिटं वाटली होती त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. निवृत्त होईपर्यंत ती खोकीच भरत राहिली. बाबा मात्र नातेवाइकांत सांगत सुटले, "तिने स्वतः कबूल केलंय, चूक तिची." हात झटकायला त्यांना तिचा कबुलीजबाब छान उपयोगी पडला.

आईचा गर्भ पाडावा लागला. वेळेत गेलो म्हणून ते सरकारी इस्पितळात नीट, कायद्याने झालं, पण जी भीती होती ती खरी ठरलीच. रक्त थांबेना. आत्याचं आणि माझं दोघींचं रक्त तिला चढवलं. तिसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं तेव्हा आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बाबांना बोलावलं. ह्या वेळी दार उघडंच ठेवलं. बाबांनी मान डोलावली, फॉर्मवर सही केली. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली, नंबर अकरा. शाळेतून परस्पर येतो म्हणाले. आत्या रजा टाकून सकाळपासून बाकावर बसली, त्यांना घरी न्यायला. मी तिच्याबरोबर होते. बारा वाजता कंपाउंडर बाहेर आला.

"अकरा नंबर!"

कुणी नाही. पाच मिनिटांनी पुन्हा. मग तिसऱ्यांदा. आत्या फॉर्म हातात घेऊन उभी राहिली.

"येतीलच हो. शाळेतून निघालेत."

"बाई, तुम्ही झोपणार का त्यांच्या जागी?" कंपाउंडर म्हणाला आणि बाकावरची माणसं हसली. मग त्याने बारा नंबर पुकारला.

बाबा त्या दिवशी एका आजारी शिक्षकाच्या जागी परीक्षेवर देखरेख करायला थांबले होते. स्वतः पुढे होऊन. हे मला त्यांच्या शिपायाने नंतर सांगितलं.

आम्ही घरी आलो. आत्याने फॉर्म आईच्या हातात दिला. आईने तो वाचला, घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवला. मग ती उठली. तिला अजून भिंतीला धरून चालावं लागत होतं. तिने आपली गादी गुंडाळली, धाकट्याला हाक मारली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेली. मी गादीचं दुसरं टोक धरलं. आत्याने फळीवरून तो बिस्किटांचा डबा काढला आणि बाहेर कचऱ्यात नेऊन टाकला.

दिवेलागणीला बाबा आले. बिछाना रिकामा बघून त्यांनी आत्याच्या खोलीचं दार वाजवलं.

"हा काय तमाशा आहे?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आणा," आई आतून म्हणाली. "ऑपरेशन झाल्याची. मग दार उघडते."

"बघतो मी," बाबा म्हणाले.

आतून कडी लागली.

आई आज बहात्तर वर्षांची आहे. डॉक्टरीणबाई जिला पुढच्या वर्षाची खात्री देत नव्हत्या, ती त्या खोलीत गेल्यानंतर बत्तीस वर्षं जगली आहे आणि तिला साधा तापही फारसा आलेला नाही. जेवण सगळ्यांचं ती एकत्र करायची, बाबांचे कपडे धुवायची, त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. फक्त संध्याकाळनंतर कडी.

आत्या मागच्या वर्षी गेली. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत होत्या, "बिचारीचा संसार झाला नाही." आई त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. बाबा खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आमच्या घराचं वाटोळं त्या कारखान्याने केलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या गोळ्या मी जाऊन मोजून देते, आणि दिल्यावर हात धुते.

माणसं पांगली त्या संध्याकाळी ते काठी टेकत आईच्या दाराशी गेले. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आता ती गेली," ते दारातून म्हणाले. "एकटी कशाला झोपतेस आत? ये बाहेर."

"चिठ्ठी आणलीत?"

बाबा हसले. मला वाटतं त्यांना ती खरोखर गंमतच वाटली. "अगं, ह्या वयात?"

"तेव्हा होतं ना वय," आई म्हणाली, आणि तिने आतून कडी लावली.